भुशाचे बाण

दर रविवारी सकाळी सातला ओरट्रुन सायकलच्या दांडीला पत्र्याची बादली अडकवून निघायची. बादलीत भुसा असायचा, नवऱ्याच्या सुतारशाळेतला, कोरडा आणि पिवळा. कुरणाखालच्या गाडीतळापासून वाट कुरण चढून बीच झाडांच्या रानात शिरते, टेकडीवरच्या खोपटापर्यंत जाते आणि पलीकडच्या अंगाने कुरणातून खाली येते. एकूण नऊ किलोमीटर. जिथे वाटेला फाटा फुटतो तिथे ती मूठभर भुशाचा बाण काढायची. र्‍होनच्या डोंगरातल्या धुक्यात हा भुसा अर्ध्या तासात ओला होऊन काळपट पडतो, पण पळणाऱ्या आठ माणसांच्या मंडळाला तेवढा पुरे.

नऊ वाजता पळायला सुरुवात. खोपटात डब्यात एक वही ठेवलेली असते, तिच्यात ज्याने त्याने आपलं नाव आणि वेळ लिहायची. तपासायला कुणी नाही, आणि वहीत खोटं कुणी लिहीत नाही. सगळ्यात शेवटी येणाऱ्याने जाता जाता पायाने बाण पुसायचे, म्हणजे वनरक्षकाची कटकट नको. हे काम गेली कित्येक वर्षं एकाहत्तरीच्या डीटहेल्मकडे होतं. तो खाली पोचला, त्याने माणसं मोजली, की टोपी उडवून ओरडायचा, “आठ! रान रिकामं!” मग सगळे घरी.

आणि फोल्कमारचा चहा. ओरट्रुनचा हा नवरा स्वतः कधी पळाला नाही. तो गाडीच्या डिकीवर थर्मास मांडून बसायचा आणि पहिल्या येणाऱ्याला निळा कप द्यायचा. बाकीच्यांना कागदी. अकरा वर्षं निळा कप ओरट्रुनचा होता. देताना फोल्कमार तिच्याकडे ज्या नजरेने बघायचा, त्या नजरेसाठी ती आठवडाभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासत उभी राहू शकत होती. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. घरात ती नजर आता कुठे सापडत नसे.

वसंतात आठांतला एक जण गाव सोडून गेला आणि त्याच्या जागी वीबके आली. उत्तरेकडच्या किनाऱ्यावरची, एकोणतिशीची, शाळेत जीवशास्त्र शिकवणारी. जुलैत ती दुसरी आली. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी पहिली.

“अरे, हा तर ओर्टीचा कप!” वीबके म्हणाली.

“कप पहिल्याचा,” फोल्कमार हसत म्हणाला. “नियम म्हणजे नियम. घे, पोरी. काय पळतेस गं! हरणंसुद्धा वाट सोडत असतील.”

ओरट्रुनने कागदी कप घेतला. हरणं म्हणे! अकरा वर्षांत तिच्यासाठी एकाही हरणाने वाट सोडल्याचं त्याला सुचलं नव्हतं. तो चहा तिने गवतात ओतून दिला.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी धुकं इतकं दाट होतं की सायकलचं पुढचं चाक धड दिसेना. ओंडक्यांच्या राशीपाशी फाटा आहे. सरळ वाट खोपटाकडे जाते. डावीकडची जुनी गाडीवाट बंद पडलेल्या दगडखाणीला वळसा घालते आणि चार किलोमीटर जास्त खाऊन खोपटाच्या मागून वर येते. बाकीच्यांचे पाय डोळे मिटूनही सरळ गेले असते. वीबके मात्र बाणाकडे बघून पळायची.

ओरट्रुनने बाण डावीकडे काढला.

पळताना वीबके पुढे, ती मागे. राशीपाशी पोचली तेव्हा गाडीवाटेवर पावलांचा आवाज विरत चालला होता. तिने बुटाने बाण सरळ केला, मागच्यांना कळू नये म्हणून, आणि वर गेली. तिला लाज वाटली, हे खरं. आनंद त्याहून जास्त झाला, हेही खरं.

खोपटात तिने वही उघडली. आजच्या तारखेखाली दोन नावं आधीच होती. वीबके, एकोणतीस मिनिटं. तिच्या वर, अठ्ठावीस मिनिटं, ओरट्रुन. नावातला पहिला रोमन ‘O’ वरून उघडा राहिलेला. शाळेपासूनची तिची खोड.

चार किलोमीटर जास्त, आणि एकोणतीस मिनिटं. हिशेब कुठेच बसत नव्हता.

खाली वीबके निळा कप धरून बसली होती. “काय ओढून नेलंस गं आज मला! त्या खाणीकडच्या वाटेवर मी घाबरले होते, पण तुझं लाल जाकीट सतत पुढे दिसत होतं. वळून वळून हात करत होतीस. उतारावर कुठे गायब झालीस?”

ओरट्रुनने कागदी कप उचलला. विचारायचं तर आधी बाणाचं सांगावं लागलं असतं. पोरीने थट्टा मांडली आहे, अक्षरही गिरवलं आहे, असं तिने स्वतःला सांगितलं.

पुढच्या रविवारी तिने बाण सरळच काढला. पळताना राशीपाशी पोचली तर तो डावीकडे होता, नीट, टोकदार. तिने सरळ केला. वहीत तिचं नाव सव्वीस मिनिटांवर. आणि खाली फोल्कमार थर्मासचं झाकण लावत तिच्याकडे बघून हसला.

“पुन्हा? आत्ताच प्यायलीस ना? बूट झटकून येते म्हणून गाडीमागे गेलीस, ती आत्ता उगवतेस!”

“मी?”

“नाही, माझी दुसरी बायको,” तो म्हणाला आणि त्याने तिच्या खांद्यावर हात टाकला. “ओर्टी, काय पळालीस आज! मला लग्नाआधीची आठवलीस.”

डिकीवर निळा कप रिकामा होता. काठाला तिच्या ओठांना लावायच्या मलमाचा पुसट ठसा होता. फोल्कमारच्या डोळ्यांत ती नजर होती, अगदी ती, पण ओरट्रुनच्या वाट्याची नव्हती. दुसऱ्या कुणीतरी मिळवलेली होती. घरी जाताना तो गाडीत गुणगुणत होता, आणि तिला वीबकेचा विसर पडला. वीबके काय, आज आहे उद्या नाही. ही दुसरी मात्र तिच्याच पायांनी, तिच्याच नावावर तिचा नवरा जिंकून नेत होती.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी राशीपाशी बाण डावीकडेच होता. या वेळी ओरट्रुनने त्याला हात लावला नाही. ती गाडीवाटेला लागली.

लाल जाकीट शंभर पावलांवर होतं. डावं पाऊल किंचित आत वळणारं, तिच्यासारखं. खाणीतल्या पाण्यावर धुकं बसलं होतं, पाखराचाही आवाज नव्हता. ती जीव खाऊन पळाली. जाकीट तेवढंच पुढे राहिलं.

“थांब!” ती ओरडली. “तो माझा आहे!”

पुढचीने या वेळी वळून पाहिलं नाही.

मग जाकीट दिसेनासं झालं. वाट वर चढली, उतरली आणि ओरट्रुन पुन्हा ओंडक्यांच्या राशीपाशीच येऊन पोचली. खोपट लागलंच नाही.

डावीकडच्या बाणाशेजारी आता सरळ वाटेवरही एक बाण होता, पुसलेला. डीटहेल्मच्या रुंद बुटाचा फराटा त्यावर स्पष्ट होता. आणि डीटहेल्म सगळ्यांच्या मागे असतो, म्हणजे सगळे पुढे निघून गेले होते.

ती कुरणाच्या दिशेने धावली. पाच मिनिटांनी समोर ओंडक्यांची रास आली.

ती पुन्हा उतरली. पुन्हा रास.

खालून, फार लांबून नव्हे, कपांचा आवाज आला. वीबकेचं हसणं. मग डीटहेल्मचा खणखणीत आवाज, “सहा, सात, आठ! रान रिकामं!”

“मी इथे आहे!” ओरट्रुन ओरडली. “डीटहेल्म! फोल्कमार!”

गाडीचं दार वाजलं. धुक्यातून फोल्कमारचा आवाज आला, मऊ, खुशीतला, “पट्टा लाव, ओर्टी. आज जेवायला बाहेर जाऊ.”

आणि तिच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, “चल.”

इंजिनाचा आवाज गावाच्या वळणावर विरला. ओरट्रुन राशीला टेकून उभी राहिली. तिच्या बाह्या धुक्याने भिजल्या होत्या, ओंडके निथळत होते, पुसलेला भुसा काळा पडून मातीत गेला होता. फक्त डावीकडे वळलेला बाण जागेवर होता. तिने वाकून त्याला बोट लावलं. भुसा कोरडा होता.