शेवटचा घास

डेटलेफ आला तेव्हा मी पाव भट्टीत सरकवत होते. ऑगस्टची कोरडी सकाळ होती. त्याची गाडी अंगणात शिरली तरी कुत्रा भुंकला नाही. वीस वर्षांचा शेजारी, कुत्रा कशाला भुंकेल? भुंकावंसं मलाच वाटलं.

त्यानं बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा माझ्यापुढे धरला. आत नऊ-तीन मापाच्या रायफलीच्या काडतुसांच्या वीस रिकाम्या पुंगळ्या होत्या.

"भरून देशील?" तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात पाहुणे येतायत शिकारीला. गावातल्या दुकानात एक काडतूस नाही. आणि खरं सांगू का, इर्मेला, सगळा तालुका तुझ्याकडे येतो आणि मी तेवढा येत नाही. बरं दिसत नाही ते."

माझ्या नवऱ्याला, आर्नुल्फला, याच माणसानं तीन वर्षांपूर्वी गोळी घातली होती. आता याला बरं दिसायला हवं होतं.

मी डबा घेतला. का घेतला ते मला घेतानाच माहीत होतं.

ओमारुरू गावातल्या औषधाच्या दुकानात मी तेवीस वर्षं तराजूशी काढली. काडतुसं भरण्याचा नाद आर्नुल्फचा. त्याची नजर अधू झाली तशी बंदुकीची दारू तोलायचं काम माझ्याकडे आलं, आणि तो गेल्यावर सगळंच आलं. काम अवघड नाही, पण वेंधळ्याचं नव्हे. उडालेली पुंगळी घासूनपुसून साच्यात दाबून मापात आणायची, बुडाला ठिणगीची नवी टिकली बसवायची, दारू तोलून ओतायची, वर गोळी बसवायची. दारू दुप्पट पडली तर रायफल फुटते, आणि ती फुटते ती धरणाऱ्याच्या तोंडावर.

म्हणून आर्नुल्फचा एक नियम होता. पन्नास भोकांच्या लाकडी ठोकळ्यात रिकाम्या पुंगळ्या तोंड खाली करून उभ्या करायच्या. दारू ओतायची तेव्हाच एकेक उचलून तोंड वर करायची. तोंड वर म्हणजे भरलेली. हा नियम मी कधी मोडला नाही.

आणि आमच्याकडच्या जर्मन शिकाऱ्यांची एक रीत आहे, तीही सांगायला हवी. जनावर पडलं की हिरवी फांदी मोडून तिचे दोन तुकडे करतात. एक जनावराच्या दातांत ठेवतात, त्याला शेवटचा घास म्हणतात. दुसरा जखमेवरून रक्तात फिरवून शिकाऱ्याला देतात. तो त्यानं हॅटच्या उजव्या बाजूला खोवायचा. मेलेल्याचा मान, मारणाऱ्याचा मान.

डेटलेफनं कोर्टात सांगितलं की झुडपामागे कुडू हरीण आहे असं वाटलं, गोळी झाडली, ओरडणं ऐकलं आणि जवळ न जाता तो गाडीकडे मदतीसाठी धावला. दोन्ही शेतांच्या सीमेवरच्या विहिरीवरून दोघांची वर्षभर जुंपली होती, पण भांडणं कुणाची होत नाहीत? अपघात म्हणून फाइल बंद झाली.

आर्नुल्फचं तोंड मी स्वतः पुसलं. त्याच्या दातांत पानाचा हिरवा तुकडा होता. पोलीस म्हणाला, झुडपात तोंडावर पडले असतील. जून म्हणजे आमच्याकडे कोरडा हिवाळा, त्या झुडपांना पान नसतं. हिरवं असतं ते एकच, टेकडीवरचं, मेंढपाळाचं झाड म्हणतात ते, आणि ते तिथून चाळीस पावलांवर आहे. म्हणजे कुणीतरी चाळीस पावलं गेलं होतं आणि चाळीस पावलं परत आलं होतं.

तीन वर्षं मी एकच गोष्ट चघळत होते. तो शेवटचा घास त्यानं सवयीनं ठेवला की चेष्टेनं? सवयीनं असेल तर हा माणूस घाबरलेला गाढव. चेष्टेनं असेल तर मला त्याचा जीव हवा होता. खोटं कशाला बोलू, तो मला दोन्हीकडून हवा होता.

त्या दिवशी गॅरेजमध्ये मी पुंगळ्या घासल्या, मापात आणल्या, टिकल्या बसवल्या. डेटलेफला आधी तीन काडतुसं फळीवर झाडून बघायची होती, म्हणून तीनच भरली. तिसऱ्या पुंगळीत दारू ओतली, वाटी पुन्हा भरून तिच्यावर धरली आणि हात थांबला. आणखी एक वाटी ओतली की झालं. फुटलेल्या रायफलीला कोण विचारतं? मी बराच वेळ तशीच उभी होते. मग वाटी डब्यात परत रिकामी केली. दया आली म्हणून नव्हे. तेवीस वर्षांत माझी एक पुडी चुकली नव्हती आणि त्या नालायकापायी चुकावी हे मला पटेना.

उरलेल्या सतरा पुंगळ्या तोंड खाली करून ठेवल्या आणि गॅरेजला कुलूप लावलं.

सकाळी त्यातली एक तोंड वर होती. तिच्या तोंडात बोटाच्या पेराएवढी हिरवी फांदी खोवलेली होती.

मी आधी उंदराचा विचार केला. मग माझ्याच विसरभोळेपणाचा. पान चुरगळून बघितलं. जाड, करडं-हिरवं, कडवट वासाचं. मेंढपाळाचं झाड. माझ्या अंगणापासून ते अकरा किलोमीटरवर आहे.

पुंगळी उलटी केली तर बुडावर खिळ्यानं आकडा कोरलेला होता, घासताना माझ्या नजरेतून सुटलेला. सत्तेचाळीस. हा आकडा मी ओळखत होते. कोर्टाच्या टेबलावर, एका पिशवीत, रायफलीशेजारी ही पुंगळी तीन दिवस माझ्यासमोर पडून होती. फाइल बंद झाल्यावर रायफल त्याला परत मिळाली, पुंगळीही मिळाली. आणि त्यानं ती बाकीच्यांत टाकली! काडतुसं भरून वापरणारा माणूस पितळ फेकत नाही. चांगली पुंगळी दहा वेळा चालते, मग ती कुणाच्या का जिवावर उठलेली असेना.

फांदी मी चुलीत टाकली. पुंगळी पुन्हा तोंड खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या रात्री मी फरशीवर मैदा भुरभुरला आणि किल्ली गळ्यात घालून झोपले. सकाळी मैद्यावर पाखराचंसुद्धा पाऊल नव्हतं. सत्तेचाळीस तोंड वर करून उभी होती.

चौथ्या दिवशी मी तिथेच बसून राहिले. दुपारी कॉफीला पाणी ठेवायला आत गेले, चार मिनिटं लागली असतील. परत आले तर फांदीच्या मोडक्या टोकाला अजून ओल होती. ती फांदी मी चुलीत टाकली नाही.

शनिवारी डेटलेफ रायफल घेऊन आला. घरामागच्या खडकाला टेकवून आमची लक्ष्याची फळी आहे, शंभर मीटरवर. त्यानं तीन काडतुसं झाडली आणि आम्ही चालत जाऊन बघितलं. तिन्ही भोकं कॉफीच्या बशीखाली झाकली गेली असती.

"काय हात आहे तुझा," तो म्हणाला. "आर्नुल्फलाही इतकं जमत नव्हतं."

परत टेबलाशी आलो तेव्हा मी ती फांदी त्याच्या डब्याशेजारी ठेवली.

"ही कुठून आणलीस?"

"ते तू सांग."

तो खाली बसला. रायफल मांडीवर आडवी घेतली आणि तिचा दस्ता पुसत राहिला. तो स्वच्छच होता.

"गेलो होतो मी जवळ," तो म्हणाला.

"ते मला माहीत आहे. तो घास सवयीनं ठेवलास की चेष्टेनं?"

"तो बोलत होता, इर्मेला. थांबतच नव्हता. तुला हाका मारत होता." त्यानं फांदी टेबलावरून बोटानं दूर ढकलली. "मग मी पाला आणला आणि त्याचं तोंड बंद केलं. पुष्कळ पाला लागला. मागाहून सगळा काढला, वाटलं सगळा निघाला."

कुत्रा येऊन त्याच्या पायाशी बसला. त्यानं त्याचं डोकं थोपटलं.

"आता कुणाला सांगणार आहेस? तीन वर्षं झाली. म्हातारी एकटी राहून बरळते म्हणतील लोक." तो उठला, झाडलेल्या तीन पुंगळ्या खिशात घातल्या. "बाकीची सतरा गुरुवारी नेतो."

त्या दिवशी मी रडले नाही.

बुधवारी मी सोळा काडतुसं भरली. सतरावी पुंगळी तोंड वर करून वाट बघत होती. या वेळी फांदी नव्हती. आत वाकून पाहिलं तर तळाशी घडी घातलेलं एक पान होतं.

मी ते काढलं नाही.

वरून दारू ओतली. मापात, एक कण जास्त नाही. गोळी दाबून बसवली. मग सगळी सतरा काडतुसं एकेक करून तोलली. सत्तेचाळीसचं वजन इतर सोळांइतकंच भरलं. पानाला जणू वजनच नव्हतं.

गुरुवारी तो डबा घेऊन गेला. आभार मानले.

रविवारी तालुक्याच्या सरकारी डॉक्टर नांगोलो आल्या. दुकानातल्या दिवसांपासूनची आमची ओळख आहे. पोलिसांनी काडतुसं तपासायला त्यांच्याबरोबर पाठवली होती, भरण्यात काही चूक होती का ते बघायला.

"मेमे, जरा बसा," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे आईला मेमे म्हणतात.

डेटलेफ शुक्रवारी एकटाच बाहेर पडला होता. शनिवारी सापडला, टेकडीवर, मेंढपाळाच्या झाडाला टेकून बसलेला. अंगावर जखम नाही. रायफल मांडीवर, नळी स्वच्छ, एकही गोळी झाडलेली नाही.

मी काडतुसं तोलली. सगळी बिनचूक होती. सोळा होती.

"सतरा दिली होती मी," मी म्हणाले.

"पट्ट्यात सोळाच होती. आजूबाजूलाही शोधलं."

मग त्यांनी पिशवीतून पाकीट काढलं. घशापर्यंत पाला ठासलेला होता, आतून सगळं रक्ताळलेलं, त्या म्हणाल्या, श्वासाला जागा नव्हती. स्वतःच्या हातानं कुणी इतका ठासू शकत नाही. आणि दातांत ही होती.

पाकिटात एक हिरवी फांदी होती. तिरपी मोडलेली. मोडलेल्या टोकाशी सालीची एक लांब चिरफळी लोंबत होती.

"तुमच्या लोकांत याला काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

त्या गेल्यावर मी गॅरेज उघडलं.

आत नुकत्याच झाडलेल्या दारूचा वास होता.

ठोकळ्यात एकच पुंगळी होती. रिकामी, तोंड खाली, नियमाप्रमाणे. बुडाची टिकली ठोकली गेलेली. सत्तेचाळीस.

खिळ्यावर माझी हॅट होती. मी उन्हात घालते ती, गवताची.

तिच्या उजव्या बाजूला हिरवी फांदी खोवलेली होती. पानांवरचं रक्त सुकत आलं होतं. टोक तिरपं मोडलेलं होतं, आणि तिथून सालीची एक लांब चिरफळी निघून गेली होती.

मी फांदीला हात लावला नाही. हॅट डोक्यावर घातली, सरळ केली आणि भट्टीतला पाव बघायला गेले.