सारंगाचा कोट

इफ्फतच्या चाळिसाव्याला आठ दिवस उरले होते तेव्हाची ही गोष्ट. दुपारची नमाज आटोपून फैझान बाजारातून एक लाकडी हँगर घेऊन राजिवड्याला घरी आला. काम म्हटलं तर एवढंच होतं, एक हँगर आणायचा आणि एका कोटाचा फोटो काढायचा.

इफ्फत त्याची थोरली बहीण, त्याची आपा. साधा ताप म्हणता म्हणता सहा दिवसांत गेली. तिला जुन्या कपड्यांचा भारी नाद. कपड्यांवर भांडी देणारी मथुरा दारात आली की ही तिचं गाठोडं सोडून बसायची. कुणाचा जरीचा ब्लाउज, कुणी बसऱ्याहून आणलेली शाल, असं काहीबाही वेचून घ्यायची, धुवायची, रफू करायची आणि कापूर घालून पेटीत ठेवायची. पुढे कुवेतच्या मामूंनी कॅमेरा पाठवला आणि तिने इंटरनेटवर कपडे विकायला सुरुवात केली. सहा महिन्यांत अकरा कपडे गेले. तिचे दोन नियम होते. कपडा आधी कुणी घातला होता ते कळल्याशिवाय विकायचा नाही. आणि फोटोसाठी तो स्वतः अंगात घालायचा, पण फोटो गळ्याखालचाच.

"तोंड का नाय गो दाखवत?" फैझानने एकदा विचारलं होतं.

"गिऱ्हाइकाने आपलं तोंड तिथं ठेवून बघायचं असतं, येड्या."

आता अम्मीने मथुरेला शुक्रवारी बोलावलं होतं. गेलेल्या माणसाचे कपडे चाळिसाव्याच्या आत घराबाहेर द्यायची रीत. इफ्फतची पेटीसुद्धा अम्मी देऊन टाकणार होती.

"पेटीतले कपडे आपाचे नाहीत, अम्मी. तिचा धंदा आहे तो!"

"सातवीत शाळा सोडलीस. रिक्षा सोडून दुसरं काय येतं तुला?"

"शुक्रवारपर्यंत एक विकून दाखवतो. मग पेटी राहील?"

अम्मीने दुपट्टा सावरला. मग म्हणाली, "बघ."

फैझान माळ्यावर चढला. कौलांखाली भट्टीसारखं तापलं होतं. खाली खाडीत एक होडी किनाऱ्याच्या दगडाला घासत होती, तेवढाच आवाज. त्याने पेटी उघडली. वर किरमिजी मखमलीचा कोट होता, आतल्या खिशात आपाच्या अक्षरातली चिठ्ठी. एकेक अक्षर लावत त्याने वाचली. 'हमीद सारंग. बसऱ्याच्या जहाजावर खलाशांचा मुकादम. लग्नात घातला.'

कोट हँगरवर चढवून त्याने वाशाला टांगला. पण तो नुसता लोंबला. फाशी दिलेल्या माणसासारखा. एक फोटो काढला, दुसरा काढला, सगळे तसलेच. त्याला रडू फुटलं आणि त्या भरात तो बोलून गेला, "आपा, ये ना गो... एकदाच."

होडीचा आवाज थांबला.

मग कापराचा वास आला. पेटीतल्या जुन्या, सुक्या कापराचा नव्हे. ओल्या कापराचा. तिला शेवटची आंघोळ घातली त्या दिवशी पडद्याआडून आला होता, तसा.

कॅमेरा त्याने तांदळाच्या डब्यावर ठेवला होता. त्याचा तांबडा दिवा लुकलुकू लागला. आपोआप फोटो निघायचं ते बटण त्याने दाबलं नव्हतं. ते कुठलं हेच त्याला ठाऊक नव्हतं. एक... दोन... तो मोजत राहिला. दहाला खट्कन आवाज झाला.

तो कॅमेरा घेऊन जो पळाला तो थेट दर्शनच्या सायबर कॅफेत.

दर्शनने फोटो पडद्यावर उघडला. "वा! कोण उभी केलीस रे आत? गळ्यापाशी छान कापलायस."

कोट भरलेला होता. छातीशी, कमरेशी, बाह्यांत. एक बाही मागे वळली होती, पाठीवर हात धरावा तशी. आपा अशीच उभी राहायची. आणि डावा खांदा दोन बोटं खाली उतरला होता.

तो खांदा फैझानला पाठ होता. आपा नऊ वर्षांची असताना घरामागच्या जांभळीवर चढली होती आणि तिथून पडली होती. खालून फांदी कुणी हलवली, ते तिने घरात कधीच सांगितलं नाही, फैझाननेही नाही.

"काढून टाक तो," फैझान पुटपुटला.

"साइटवर चढवला पण! इफ्फतचा पासवर्ड तूच दिलास ना?"

गुरुवारी दर्शनचा निरोप आला. कोट गेला होता, नाशिकच्या एका बाईंना हवा होता. फैझानने त्या फोटोचा कागद काढून अम्मीपुढे ठेवला. तिला काही सांगायचं धाडस त्याला झालं नाही. अम्मीने चष्मा लावला. मखमलीच्या उतरत्या खांद्यावरून तिचं बोट सावकाश फिरलं, परत फिरलं.

"हिला सांग," ती अगदी हळू म्हणाली, "ताठ उभी राहा. किती वेळा सांगायचं..."

शुक्रवारी मथुरा आली. तिला चहा मिळाला, आपाचे रोजचे चार कपडे मिळाले. पेटी मिळाली नाही. उलट तिच्याच गाठोड्यातून अम्मीने एक साटीनचा परकर उचलला. "हा कुणाचा गो? नाव सांग आधी."

त्या पावसाळ्यात सात कपडे गेले, पुढच्या वर्षी चाळीस. फैझान टाइप करायला शिकला. अम्मी रफू करायची, घरात पुन्हा बोलणं ऐकू येऊ लागलं. फोटोच्या दिवशी तो कपडा टांगायचा, कॅमेरा डब्यावर ठेवायचा आणि अम्मीचा निरोप सांगायचा, "आपा, ताठ." मग पाठ करून दहा मोजायचा. फोटो ओळीने लावून पाहिले की कळायचं. खांदा एकेक रेघ वर येत होता. रमजानच्या आधीच्या फोटोत दोन्ही खांदे सारखे होते.

फैझान त्या दिवशी हसला, खूप दिवसांनी मोकळं हसला.

ईदच्या कुर्त्याचं माप द्यायला तो लवू शिंप्याकडे गेला. लवूने पाठीवर फीत लावली, काढली, पुन्हा लावली. मग मागच्या वर्षीची वही काढून पाहिली.

"सरळ उभा राहा बघू."

"सरळच आहे."

"डावा खांदा दोन बोटं उतरलाय रे तुझा. गेल्या साली नव्हता. कधी पडलास?"

दुकानात कुठूनतरी ओला कापूर दरवळला. फैझानने डाव्या खांद्यावर हात ठेवला.

"लहानपणी," तो म्हणाला. "जांभळीवरून."