बटणांच्या डब्यातलं नाणं

विश्वास ठेवा, नाहीतर नका ठेवू. मी तिथे होते. रात्रही नव्हती. मंगळवार, दुपारचे साडेतीन, मामाच्या दुकानावरची खोली.

आदल्या दिवशी त्याचा मेसेज आला होता. 'ये. कान हवेत.'

मामा दागिने घडवायचा. चाळीस वर्षं हातोडी ठोकून त्याचे कान गेले. समोरच्याचे ओठ बघून बोलतो. मामी जाऊन वर्ष झालं, आणि आता तिच्या बटणांच्या डब्यात हे नाणं सापडलेलं. जुनं, चांदीचं, एका बाजूचा चेहरा पुसलेला.

"तिच्या वडिलांनी दिलेलं. मी न वाजवताच खोटं म्हटलं. चारचौघांत. सासऱ्याची जिरवायची होती."

"आणि मामी?"

"काही बोलली नाही. कधीच."

वजन बरोबर भरलं होतं. पण वजन फसवतं, म्हणे. आवाज फसवत नाही. चांदी खणखणते, खोटं नाणं बद्द वाजतं.

मी नाणं फरशीवर सोडलं.

(          )

इथे आवाज हवा होता.

पुन्हा सोडलं. उसळलेलं दिसलं. तरी...

"माझी भाची शोभतेस," मामा हसला. "तूही बहिरी?"

तिसऱ्यांदा सोडलं. आणि आवाज आला...

आतून.

मामी गेल्यापासून कुलूप असलेल्या स्वयंपाकघरातून. खणखणीत. लांबलचक.

नाणं तर माझ्या पायाशी पडलं होतं.

मामा माझ्या ओठांकडे बघत होता. "सांग ना. खरं होतं का?"

काय सांगणार होते मी? या वयात, एकट्या माणसाला?

"बद्द वाजलं, मामा. खोटंच आहे."

त्याचे खांदे सैल पडले. "बघ. मी तेव्हाच म्हटलं होतं."

आतला आवाज थांबला.

विरला नाही... थांबला. फिरत्या नाण्यावर कुणी तळहात ठेवावा, तसा.

मामा आता मजेत आहे. शांत झोपतो.

माझ्या घरात मात्र काही पडलं की आवाज होत नाही. परवा ग्लास फुटला, ते पायात काच गेल्यावर कळलं. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत.

मी एकटीच राहते. आज भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "मामी, नाणं खरं होतं. मी खोटं बोलले."

मग हातातला चमचा सोडला.

(          )