उपरण्याखालचा सौदा

मुरुमच्या बाजारात कुत्र्या-मांजरांच्या पिल्लांचं दुकान निघालं आणि त्याची तपासणी आली जनावरांच्या नव्या डॉक्टर श्रीदेवीच्या वाट्याला. ओळख न देता आधी बघावं, म्हणून ती गिऱ्हाईक होऊनच आत शिरली. कुत्र्याचं एक तपकिरी पिल्लू उचलून तिनं भाव विचारला… आणि दुकानदार विरेशनं खांद्यावरचं उपरणं तिच्या हातावर टाकलं.

त्याच्या घरात बैलबाजारातली दलाली पिढीजात. चारचौघांत भाव तोंडानं बोलायचा नाही, कापडाखाली बोटं दाबून सांगायचा, हे अंगातच मुरलेलं. हा हात बैलवाल्याचा नाही, हे त्याला बोटं दाबल्यावर कळलं.

"मी तपासणीला आलेय," ती म्हणाली. "हात सोडा."

"मॅडम… तुमीच धरलाय."

खरंच होतं ते. श्रीदेवीनं घाईनं हात काढला आणि पिल्लाचं तोंड उघडून बघितलं. दात जेमतेम डोकावत होते. दोन महिन्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. सगळी आईपाशी न्या, त्याआधी एक जरी विकलंत तर शटर ओढायचं, असं तिनं बजावलं. गिऱ्हाइकाला कापसाच्या बोळ्यासारखंच पिल्लू लागतं, लांब टांगांचं कोण घेणार, असं कुरकुरत विरेशनं टोपली घरी, त्यांच्या आईपाशी नेली.

पिल्लं आईपाशी आहेत ना, हे बघायला श्रीदेवी त्याच्या घरी जाऊ लागली. एकदा बघून भागलं असतं. पण कधी जंताचं औषध निघायचं, कधी नुसतंच वजन. विरेशची आई नागम्मा "बा यव्वा, कुंद्र", ये बाई, बस, म्हणत पाट सरकवायची, आणि एकदा बसलं की उठवत नसे. विरेशचे केस हल्ली विंचरलेले असत. पिल्लं ओढणी चावतात अशी श्रीदेवीची तक्रार, आणि ठेवणीतल्या ओढण्या मात्र तिथं जातानाच घ्यायची.

एका दुपारी ती दुकानाच्या दारातच थबकली. आत उमरग्याचा एक ठेकेदार, घरून मागवलेलं ते तपकिरी पिल्लू, मधे उपरणं आणि त्याखाली दोघांचे हात. आता विकलं, तर शटर तिलाच ओढावं लागणार… मग नागम्माच्या पाटावर कोणत्या तोंडानं बसायचं?

ठेकेदारानं भाव वाढवला असावा. मिशीला पीळ देत होता, त्यावरूनच कळत होतं. विरेशनं हात काढून घेतला, उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. "न्हाय मालक. आजून ते आईला सोडत न्हाय."

श्रीदेवी दारात आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं. ती तशीच, आवाज न करता माघारी फिरली. वाटेत उगीचच हसत होती.

पिल्लं मोठी झाली, दुकानाच्या नोंदणीचा कागद भिंतीवर लागला. आता यायला निमित्त उरलं नव्हतं.

"ते तपकिरी मला हवंय," ती म्हणाली. "फुकट नको हं. भाव सांगा."

दुकानात तिसरं कुणी नव्हतं. तोंडानं सांगितला असता तरी चाललं असतं. तरी विरेशनं उपरणं पसरलं. पण त्याखाली त्यानं एकही बोट दाबलं नाही. नुसता उघडा तळहात पुढं केला.

"ते माज्याबिगर राहत न्हाय," तो कसाबसा म्हणाला. "माणसासकट न्यावं लागंल."

श्रीदेवीनं त्याची पाचही बोटं मुठीत घेतली.

तेवढ्यात दारात नागम्मा, हातात जेवणाचा डबा.

"मॅडम, हात सोडा… आई बघती."

"तुम्हीच धरलाय," श्रीदेवी म्हणाली, आणि मूठ आणखी घट्ट केली.