शेवटच्या गाण्यामागची फुसफुस

"माझ्या बायकोचं गाणं कुणीतरी बदललंय," आल्या आल्या तो गृहस्थ म्हणाला. "आवाज तिचाच आहे. पण हे गाणं मी रेकॉर्ड केलेलं नाही!"

खासगी गुप्तहेराने त्याला बसायला सांगितलं. बारीक आवाजही टिपणाऱ्या या माणसाला सगळे कानसेन म्हणत. शेजारी कानसेनाचा मेहुणा चहा ढवळत होता.

गृहस्थाची बायको गायिका होती, पण तिचं नाव कधी झालं नाही. ती आजारी पडल्यावर त्याने झोपायच्या खोलीतच माइक लावला आणि तिची गाणी रेकॉर्ड केली. ती गेली. शुक्रवारी अल्बम निघायचा होता, आणि मास्टरिंग होऊन आलेल्या गाण्यांतलं शेवटचं वेगळंच निघालं.

"शेवटचा महिना ती गायलीच नाही. प्राणवायूचं यंत्र आणलं, प्लगसाठी पलंग खिडकीपाशी हलवला. मी किती विनवलं, दोन ओळी तरी गुणगुण. नुसती मान हलवायची."

"घरात आणखी कोण?"

"माझी थोरली बहीण. मुलीने वर्षापूर्वी गाणं सोडलं. मी म्हटलं, गाणं सोडलंस तर घरही सोड. तिने सोडलं. आई गेल्यावरसुद्धा स्मशानातून परस्पर निघून गेली."

कानसेन आणि मेहुणा आधी ध्वनितंत्रज्ञाकडे गेले.

"मी कशाला बदलू?" तो वैतागला. "त्यांच्या बहिणीने फाइल पाठवल्या, तशाच घेतल्या. सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करायचा, एवढंच माझं काम. बारीक आवाज वर आणला की मागची खरखरही वर येते. हे ऐका."

बाकीच्या गाण्यांमागे पंखा घरघरत होता. शेवटच्या गाण्यामागे मात्र ठरावीक अंतराने काहीतरी फुसफुसत होतं.

"टायरमधली हवा जातेय," मेहुण्याने निदान केलं.

गृहस्थाची बहीण भाजी निवडत होती. "मला माइक कुठून धरायचा तेही कळत नाही हो. फाइल पाठवायला भावाने शिकवलं, तेवढंच येतं. दुपारी तो कामावर गेला की घरात मी आणि भावजय, दोघीच."

मुलगी चष्म्याच्या दुकानात भेटली. काचा पुसता पुसता बोलली.

"भांडण झाल्यापासून मी त्या घराची पायरी चढले नाही. आईशी, आत्याशी, फोनवरसुद्धा बोलणं नाही. आणि खिडकीपाशी पलंग, खाली गाड्यांचा गोंगाट. तिथे रेकॉर्ड कोण करेल?"

बाहेर येताच मेहुणा म्हणाला, "भाऊजी, हिचा काही संबंध नाही."

"उद्या सगळ्यांना त्या गृहस्थाच्या घरी बोलाव," कानसेन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाप आणि लेक खोलीच्या दोन टोकांना बसले होते. आत्या मधे.

"ती फुसफुस प्राणवायूच्या यंत्राची," कानसेनाने सुरुवात केली. "म्हणजे गाणं शेवटच्या महिन्यातलं. रेकॉर्ड कुणी केलं? आत्यांना ते जमत नाही. मग दुपारी दुसरं कुणीतरी यायचं, आणि दार आत्याच उघडायच्या. फाइलही त्यांनीच बदलून पाठवली. आता, पलंग खिडकीपाशी गेला तो यंत्र आल्यावर. घर आधीच सोडलेल्या, कुणाशीही न बोलणाऱ्या मुलीला हे कसं कळलं?"

मेहुण्याने कपाळाला हात लावला.

"आईने बोलावलं होतं," मुलगी हळूच म्हणाली. "हेच गाणं शेवटी लाव म्हणाली."

"मला सांगितलं असतं, तर मी नको म्हटलं असतं?" गृहस्थाने विचारलं. "इतका मागे लागलो होतो मी. माझ्यासाठी का नाही गायली?"

"तिचा श्वास सारखा तुटायचा, बाबा. म्हणाली, 'मी अशी थांबत गायले तर तुझे बाबा गाणं ऐकणारच नाहीत. माझ्याकडेच बघत बसतील.'"



"अल्बममध्ये राहू दे ते गाणं," गृहस्थ म्हणाला. "थांबायची, तेव्हा काय करायची?"

"बोलायची. तुमच्याबद्दलच. तेही रेकॉर्ड झालंय. कुणाला दिलं नाही मी."

"तू ऐकलंस?"

तिने नकारार्थी मान हलवली. "एकटीला ऐकवत नाही."

मेहुण्याला काहीतरी विचारायचं होतं. कानसेनाने त्याचा दंड धरून त्याला बाहेर काढलं. दार लोटता लोटता त्यांना दिसलं, गृहस्थ शेजारी जागा करत सोफ्यावर थोडा सरकला होता.