हिरव्या खुणेचा दिवेवाला

धाकट्याच्या उजव्या हाताचं एक बोट तेवढं शिल्लक राहिलं होतं. डोळे सोडले तर बाकी सगळं शरीर आजारानं नेलं, वाचाही नेली. पण त्या एका बोटात त्याचा जुना खोडसाळपणा जसाच्या तसा येऊन बसला होता. ताई चादर सारखी करायला वाकली की ते हळूच तिच्या घड्याळाच्या पट्ट्यात अडकायचं.

ताई प्रोग्रॅम लिहिणारी बाई. तिनं मनाशी पक्कं केलं होतं आणि डावातल्या सगळ्यांना सांगितलंही होतं : हा आपल्या रविवारच्या डावात पुन्हा बसेल, आणि बोलेल ते स्वतःचं बोलेल. मी त्याच्या वतीनं एक अक्षर बोलणार नाही.

हा डाव कॉम्प्युटरवरचा. तीन घरांतली चार माणसं एकाच पटावर सोंगट्या हलवायची आणि शेजारच्या चौकटीत लिहून गोष्ट पुढे न्यायची. गोष्ट एका खोल खाणीची होती. धाकटा दिवेवाला, तो जाईल तिथवरच इतरांना दिसायचं. मागून ताई आणि मामी. पंच होते मामीच्या ओळखीचे दातांचे डॉक्टर, नियमाला खडूस.

एकदा मामीचा जावई तिच्या नावानं चौकटीत बोलला आणि डावातले सगळ्यांचे घोडे एका भोपळ्याच्या बदल्यात देऊन बसला. तेव्हापासून पंचांनी प्रत्येकाला स्वतःची गुप्त किल्ली घेऊन दिली होती. किल्लीनं पडताळलेल्या निरोपापुढे हिरवी खूण उमटायची. बिनखुणेचा शब्द हवेत गेला. डावातून उठायचं असलं तरी ज्यानं त्यानं "मी उठतो" असं खुणेसह सांगायचं. त्याशिवाय सोंगटी पटावरून हलत नसे.

"त्या जावयाचं नाव काढू नका," मामी अजून म्हणायची. "भोपळाही नासका निघाला!"

पटाला बाहेरून रीतसर निरोप पोचवता यावा म्हणून एपीआय नावाचा दरवाजा ठेवलेला असतो. ताईनं त्याला जोडणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. ती अक्षरांच्या तक्त्यावरून काठी फिरवायची, धाकटा हव्या त्या अक्षरावर पापणी मिटायचा. वाक्य पुरं झालं की त्याच्या बोटाखाली कळ. ती दाबली तरच त्याची किल्ली लागायची.

पहिल्या रविवारी तासभर खपून त्यानं लिहिलं, "मामी, भोपळा शिजला का?" खूण उमटली. मामीनं उत्तरात नुसती टिंबं पाठवली. रडत असणार.

पुढच्या रविवारी दुपारी ताई पाण्याचा पेला भरायला उठली. परत आली तर दिवेवाल्याच्या नावापुढे नवा निरोप, खुणेसह :

"डाव्या भिंतीला ओल आहे. कानाच्या आकाराची."

"वा रे दिवेवाल्या!" मामीनं लिहिलं. "अंगावर काटा आला."

ताईनं मान वर केली. धाकट्याच्या उशाशी, डाव्या भिंतीवर, ओलीचा डाग होता. पाळी, भोक, वरची वळलेली कड. नळ तर पलीकडच्या बाजूला.

"तू पाठवलंस?"

बोट दोनदा आपटलं. नाही.

चूक आपल्याच लिखाणात असणार. तिनं प्रोग्रॅम ओळ अन् ओळ तपासला, जुनी किल्ली रद्द करून नवी घेतली. आठवडाभर खोलीत ओल्या मातीचा वास येत राहिला. तिनं भिंत फडक्यानं पुसली. फडकं कोरडंच राहिलं.

रविवारी तिनं कळीची वायर उपटून मांडीवर ठेवली. प्रोग्रॅम बंद. धाकट्याचं बोट उघड्यावर, तिच्या डोळ्यांसमोर.

"पायऱ्या कोरड्या आहेत. या खाली." हिरवी खूण.

"हा तो नव्हे," ताईनं आपल्या नावानं लिहिलं. "सोंगटी काढा."

"खूण आहे ना?" पंचांनी लिहिलं. "मग तोच. त्याच्या वतीनं बोलणार नाही म्हणाली होतीस तू."

ठीक आहे. तोच बोलेल. तिनं वायर जोडली, प्रोग्रॅम सुरू केला, काठी उचलली. धाकट्याचं कपाळ घामानं डबडबलं होतं, तरी पापणी एकदाही चुकली नाही. मी. उ. ठ. तो.

"दाब, राजा."

बोट कळीवर गेलं. ताकद लावून त्यानं दाबलं. निरोप पटावर पोचला.

खूण उमटली नाही.

"बिनखुणेचं धरत नाही," पंचांनी लिहिलं.

लगेच खाली, हिरव्या खुणेसह :

"मी इथंच आहे. ताईला त्रास देऊ नका."

धाकट्याचे डोळे भरून आले. ताईनं देवाचं नाव घेतलं आणि आपल्या खात्यातून, आपल्या किल्लीनं लिहिलं, "मामी, उतरू नका. मी सांगते ते खरं."

तिच्याही शब्दापुढे जागा रिकामी राहिली.

"तुझी खूण कुठंय गं?" मामीनं विचारलं.

ताईनं कीबोर्ड सारला. भावाचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. काही झालं तरी सोडायचा नाही.

पडद्यावर तिच्या नावापुढे ओळ आली. हिरवी खूण.

"गंमत केली मामी. चला, मी आहे मागं."

"घाबरवलंस की! आले गं बाई, आले."

मामीची सोंगटी दिव्यामागं एक पायरी उतरली.

धाकट्याचं बोट ताईच्या तळव्यावर आपटू लागलं. नाही. नाही. तो पडद्याकडे बघत नव्हता. तिच्या खांद्यावरून मागं बघत होता.

ताई वळली. तिच्या खुर्चीमागची भिंत सकाळपर्यंत कोरडी होती.

तिथं, बरोबर तिच्या डोक्याच्या उंचीवर, दुसरा कान उमटत होता.