मंगळवारचं पत्र

"आत्या, मला खोटारडी ठरवलंय! आज दुपारी नोकरीवरून काढणार आहेत."

भाचीचा फोन ठेवला तशी आत्या चपला घालून निघालीच. तीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेली बाई. राग कायम नाकावर, पण नजर बारीक.

दवाखान्याच्या कचेरीत तिघं होती. रडून डोळे सुजलेली भाची, टेबलामागे संचालक साहेब, आणि खिडकीशी एक बाप. त्याची चार वर्षांची मुलगी वरच्या मजल्यावर सलाईनवर होती. आता धोका नव्हता. पण बापाच्या मुठी अजून आवळलेल्याच होत्या.

"खोकल्याच्या औषधाची एक खेप खराब निघाली," भाची म्हणाली. "ते देऊ नका, अशी सूचना मी सोमवारी सकाळी वेबसाइटवर टाकली. आईशप्पथ टाकली, आत्या!"

"मी मंगळवारी रात्री साइट बघूनच औषध दिलं," बाप म्हणाला. "सूचनाबिचना काही नव्हती. मुलगी निपचित पडली. आज बुधवारी सकाळी मीच इथे येऊन सांगितलं, तोवर कोणाला पत्ताच नव्हता."

साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. "हिला काढल्याचं पत्र. सूचना लावलीच नाही, आणि वर कांगावा."

आत्यानं पत्र तारखेपासून सहीपर्यंत वाचलं. तारीख मंगळवारची होती. पत्र तिनं हातातच ठेवलं.

"साइटचा पासवर्ड कोणाकडे असतो?"

"हिच्याकडे. माझ्याकडेही आहे, पण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"आणि ती बनवणारा?"

"तो जानेवारीत सोडून गेला," भाची म्हणाली. "पासवर्ड लगेच बदलला. जाताना अख्ख्या साइटची प्रत साहेबांच्या लॅपटॉपवर ठेवून गेला."

"तुझ्याकडे प्रत आहे?"

"नाही गं. मी थेट सर्व्हरवरच दुरुस्त करते. पटकन होतं."

"पटकन म्हणे! शहाणीच आहेस," आत्या कडाडली. "दाखव ती साइट."

पहिल्याच पानावर साहेब होते. हातात सन्मानचिन्ह, बत्तीस दात बाहेर.

"हा सत्कार कधीचा?"

"परवाच्या रविवारचा," साहेब जरा खुलले.

"फोटो कोणी लावला?"

"हिनंच लावला असेल."

"मी नाही लावला!"

आत्यानं डॉक्टरांची यादी उघडली. सगळ्यात वर डोळ्यांचे डॉक्टर.

"अगं, हे तर मार्चमध्ये सोडून गेले!" भाची ओरडली. "त्यांचं नाव मी काढलं होतं. परत कसं आलं?"

आत्या उठली. आता तिचा आवाज चढला.

"आमच्या छापखान्यात एकानं यंत्रावरच्या पानात चुका दुरुस्त केल्या. दुसऱ्यानं कपाटातलं जुनं पान काढलं, त्यात एक ओळ घातली आणि तेच छापलं. आधीच्या सगळ्या दुरुस्त्या गेल्या. इथेही तेच झालंय. नुसती सूचना पुसली असती तर मार्चमध्ये गेलेले डॉक्टर परत आले नसते. कोणीतरी अख्खी जुनी साइट नव्या साइटवर चढवली. हिच्याकडे जुनी प्रतच नाही, ही काय चढवणार, कपाळ? प्रत एकाच लॅपटॉपवर आहे. आणि तिच्यात घातलेला फोटो कोणाचा, ते तर समोर हसतंय. साहेब, मिरवायची हौस तुमची आणि बळी माझ्या पोरीचा?"

साहेबांनी घाम पुसला. "सोमवारी संध्याकाळी... घाईत झालं. एक बटण दाबलं, सगळंच गेलं. मुद्दाम नाही केलं."

"सोमवारचं मी सोडलं असतं. चुकतो माणूस. पण हे पत्र मंगळवारचं आहे. तक्रार आली आज, बुधवारी. सूचना साइटवर नाही, हे मंगळवारी तुम्हाला कसं कळलं?"

साहेब पुटपुटले, "औषधांच्या खिडकीवरच्या माणसानं दुपारी विचारलं, सूचना का दिसत नाही म्हणून."

बाप टेबलाजवळ आला. "म्हणजे दुपारीच माहीत होतं. तेव्हा दोन ओळी लिहिल्या असत्या तर मी रात्री तो चमचा भरला नसता."

"मला वाटलं, कोणाच्या लक्षात येण्याआधी..."

"आधी पत्र टाइप केलंत," बाप म्हणाला. "माझी पोर मरता मरता वाचली, आणि तुम्ही पत्र टाइप करत बसलात!"

आत्यानं ते पत्र घडी करून पिशवीत टाकलं. "हे मी विश्वस्तांच्या हातात देते. आत्ता."

भाचीनं डोळे पुसून संगणक पुढे ओढला आणि सूचना लिहायला घेतली.

"थांब! आधी तुझ्या यंत्रावर साइटची प्रत घे, तिच्यात लिही, मग चढव," आत्या दारातून खेकसली. "अक्कल एकदाच विकत घ्यायची असते."

"साहेबांचा फोटो काढू?" भाचीनं विचारलं.

"नको," बाप म्हणाला. "राहू दे तिथेच. त्याच्या बरोब्बर खाली सूचना लाव."